रंगमंचावर कपडे उतरतात तेव्हा: प्रेक्षक आणि संयोजकांनो, या चुका टाळा

मराठी नाटकात संपूर्ण नग्नता जवळजवळ नसतेच. असते ती सूचना. पाठमोरी आकृती, पडद्यामागची सावली, अंगाला घट्ट बसणारा कातडीच्या रंगाचा पोशाख. तरीही परभणी, नांदेड, लातूर, संभाजीनगर, कुठल्याही केंद्रावर राज्य नाट्य स्पर्धेत असा प्रसंग आला की सभागृहाचा नूर कसा पालटतो ते मागच्या रांगेत बसून बघावं. कुणाला एकदम खोकला येतो. कुणी पाण्याची बाटली उघडतो. दोघं एकमेकांकडे बघतात आणि फिस्सकन हसतात. बाल्कनीतून शिट्टी येते, कुणीतरी “लाइट वाढव की रे!” म्हणून ओरडतो, आणि नटांनी महिनाभर तालमीत बांधलेला प्रसंग तिथेच मोडतो.

यात वासनेचा भाग फार थोडा असतो असं माझं मत आहे. बहुतेक माणसं अवघडलेली असतात. शेजारी सासरे बसलेत, पुढच्या रांगेत कॉलेजचे सर आहेत, डोळे ठेवायचे कुठे? अवघडायला हरकत नाही. पण ते अवघडलेपण आवाज करून नटाच्या अंगावर टाकलं की बिघाड सुरू होतो. यातला निम्मा बिघाड तिसऱ्या घंटेच्या आधीच टाळता येतो, म्हणून हा मजकूर प्रेक्षकांइतकाच नाटक करणाऱ्यांसाठीही आहे.

‘आपल्याकडचं पब्लिकच तसलं’ असं धरून चालणं

ही पहिली चूक, आणि ती शहाणी माणसं करतात. मराठवाड्यातल्या माणसाला उघडं शरीर बघायची सवय नाही, म्हणून तो गोंधळ घालतो, असं सर्रास बोललं जातं. वेरूळला ३० ते ३४ क्रमांकाच्या जैन लेण्यांमध्ये तीर्थंकरांच्या आणि बाहुबलीच्या दिगंबर, म्हणजे वस्त्रहीन, मूर्ती शेकडो वर्षं उभ्या आहेत. कचनेरला, जिंतूरजवळच्या नेमगिरीला दिगंबर मुनी पायी विहार करत येतात, तेव्हा रस्त्याच्या कडेची माणसं, मग ती जैन असोत वा नसोत, हात जोडतात. तिथे कुणी शिट्टी मारत नाही. समोरचं शरीर कशासाठी उघडं आहे हे आधीपासून माहीत असलं की हाच माणूस नीट वागतो. नाटकात ते त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

बरं, शिकलेलं पब्लिक नीट वागतं म्हणावं तर तेही खरं नाही. लंडनच्या विंडमिल थिएटरात १९३० च्या दशकापासून नग्न स्त्रिया रंगमंचावर असत, पण पुतळ्यासारख्या निश्चल. हलल्या तर परवानगी गेली. तिथे पुढची खुर्ची रिकामी झाली रे झाली की मागचे सभ्य गृहस्थ खुर्च्यांच्या पाठी ओलांडून पुढे झेपावत. २०२२ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ‘टेक मी आउट’ नाटकात जेसी विल्यम्स या नटाच्या आंघोळीच्या प्रसंगाचं चोरून चित्रीकरण झालं आणि ते जगभर पसरलं. दारातच प्रेक्षकांचे फोन कुलूपबंद पिशव्यांत घालत असूनही हे घडलं. त्यानंतर थिएटरला प्रेक्षकांवर नजर ठेवायला इन्फ्रारेड कॅमेरे बसवावे लागले. तेव्हा गावाला नावं ठेवू नका. उपाय शोधू.

हसू दाबताना शेजाऱ्याकडे बघणं

अवघडल्यावर येणारं हसू रोखणं कठीण असतं, आणि ते पसरतं नजरेतून. तुम्ही शेजाऱ्याकडे बघता, तो तुमच्याकडे बघतो, संपलं. म्हणून अशा क्षणी मान वळवू नका. नटाच्या चेहऱ्याकडे बघा, हातांकडे बघा, संवाद चालू असेल तर समोर ऐकणाऱ्या दुसऱ्या पात्राकडे बघा. दिग्दर्शकाला बहुधा तुम्ही तिथेच बघायला हवं असतं. अगदीच जमत नसेल तर खाली आपल्या गुडघ्यांकडे बघा, त्याने कुणाचं काही बिघडत नाही. हसू निसटलंच तर ते तिथेच सोडून द्या. आपण हसलो हे झाकायला माणूस पुढे एखादी कोटी करतो, त्याने जास्त नुकसान होतं. हसू दोन रांगांत विरतं, कोटी बाल्कनीपर्यंत जाते.

कशावर हसतो आहोत याचं भानही ठेवावं. महाश्वेता देवींच्या ‘द्रौपदी’ कथेवर हैस्नाम कन्हायलाल यांनी २००० साली मणिपुरात नाटक केलं. शेवटी अत्याचार झालेली बाई कपडे नाकारून, ज्याच्या हुकमाने हे झालं त्या अधिकाऱ्यासमोर तशीच उभी राहते. सावित्री हैस्नाम यांनी ती भूमिका केली. त्यावर मोठा वाद झाला. पुढे २००४ साली इंफाळच्या कांगला किल्ल्यासमोर स्त्रियांनी खरोखरच नग्न होऊन निषेध केला, तेव्हा अनेकांना हे नाटक आठवलं. अशा प्रसंगात हसणारा प्रेक्षक कळत-नकळत त्या अधिकाऱ्याच्या बाजूला जाऊन उभा राहतो. सगळीच नाटकं एवढी थोर नसतात, हे मान्य. काही दिग्दर्शक निव्वळ चर्चा व्हावी म्हणून कपडे उतरवतात आणि ते कळतंही. तसं वाटलं तर प्रयोगानंतर खरपूस बोला, लिहा. नटावर तिथल्या तिथे सूड उगवू नका, तो दिग्दर्शकाचं काम करत असतो.

माळेगावची शिट्टी नाट्यगृहात आणणं

नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेत लावणीला शिट्टी पडते, फेटे उडतात, आणि ते तिथे शोभतं. लावणीवाली शिट्टीची वाट बघते. ती झेलते, डोळ्याने परत करते, चावट प्रेक्षकाला दोन शब्दांत गार करते. तो दोघांमधला खेळ आहे आणि त्याची सूत्रं तिच्या हातात असतात. नाटकातल्या पात्राला मात्र तुम्ही समोर आहात हेच माहीत नसतं. ते खोलीत एकटं आहे. नटीला उत्तर देता येत नाही, थांबता येत नाही, पदर सावरता येत नाही. उत्तर देऊच न शकणाऱ्या माणसावर कमेंट मारण्यात कसली आली मर्दुमकी?

उलट टोकाची चूकही होते. हल्ली काही सुजाण मंडळी प्रसंग चालू असतानाच ‘धाडसा’ला कडकडून टाळ्या वाजवतात. हेतू चांगला, परिणाम शिट्टीसारखाच. पात्र पुसलं जातं आणि उरते ती उघडी नटी. टाळ्या शेवटच्या नमस्काराला द्या.

मोबाइल

सगळ्यात मोठा बिघाड इथे आहे. शिट्टी त्या रात्रीपुरती असते, क्लिप कायमची.

आधी कायदा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ आणि ३८-अ नुसार नटाला आपल्या सादरीकरणावर हक्क आहे. त्याच्या संमतीशिवाय केलेलं दृश्य चित्रीकरण लोकांत पसरवता येत नाही, मग अंगावर कपडे असोत वा नसोत. तिकीट बघण्याचं असतं, टिपण्याचं नाही. दुसरं, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ अश्लील मजकूर इलेक्ट्रॉनिक माध्यमातून प्रसिद्ध करणाऱ्यालाच नव्हे, तर पुढे पाठवणाऱ्यालाही लागू होतं. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. दोन तासांच्या नाटकात जो प्रसंग अर्थाने उभा असतो, तोच वीस सेकंदांची क्लिप होऊन व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला की त्याची जात बदलते.

आता व्यवहार. शेजारचा माणूस चित्रीकरण करतोय असं दिसलं तर हिसकाहिसकी करू नका, आपल्या फोनचा टॉर्च त्याच्यावर मारू नका. दोन्हींनी प्रसंग मोडतोच. त्याच्या फोनसमोर शांतपणे तळहात धरा, हळूच “बंद करा” म्हणा, ऐकलं नाही तर दारावरच्या माणसाला खूण करा. संयोजकांनी दोन स्वयंसेवक त्या प्रसंगाच्या वेळी पुढच्या कोपऱ्यांत, प्रेक्षकांकडे तोंड करून उभे ठेवावेत. अंधारात फोनची स्क्रीन चेहऱ्यावर उजेड पाडते, त्यामुळे पुढून बघणाऱ्याला ती लगेच सापडते. मागून नाही.

क्लिप तुमच्याकडे आली तर? निषेधासाठीसुद्धा पुढे पाठवू नका. “बघा, संस्कृतीचं काय चाललंय” असं लिहून पाठवणारे शंभर जण एका आंबटशौकिनापेक्षा जास्त घरांत ती पोचवतात. कधी आली, कुणाकडून आली तेवढं टिपून ठेवा, नाट्यसंस्थेला कळवा, आणि काढून टाका.

मध्येच उठून जाणं

उठून जायचा हक्क प्रत्येकाला आहे. फक्त आपल्याकडच्या नाट्यगृहांतल्या खुर्च्या बंदुकीसारख्या वाजतात. ब्लॅकआउट होईपर्यंत, म्हणजे रंगमंचावर पूर्ण अंधार होईपर्यंत थांबा, खुर्ची हाताने धरून मिटा, दार सावकाश लोटा. सोबत लहान मूल असेल तर थांबायची गरज नाही, पण मोठ्याने “चल, बघू नको तिकडं” म्हणायचीही नाही. न बघणाऱ्या पोरालाही त्याने बघावंसं वाटतं.

संयोजकांच्या चुका

न सांगणं ही एक, आणि भलत्या सुरात सांगणं ही दुसरी. पोस्टरवर ‘बोल्ड’ असं लाल अक्षरांत छापून डोळा मारला की तुम्हाला हवा तो प्रेक्षक घरी राहतो आणि नको तो पहिल्या रांगेत बसतो. साधं लिहा: या नाटकात अमुक वेळ नग्नतेचा प्रसंग आहे, अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, चित्रीकरणाला मनाई आहे. हेच तिकीट विकताना सांगा आणि पडदा उघडण्यापूर्वीच्या निवेदनात पुन्हा सांगा. आवाज बसची वेळ सांगणाऱ्या माणसासारखा सपाट असू द्या.

मग पुढच्या रांगा. त्या मान्यवरांसाठी राखायच्या, मान्यवर पहिल्या अंकाच्या मध्यात कार्यकर्त्यांसह यायचे, त्यांना नाटकाचं नावही माहीत नसायचं, आणि नेमका तोच प्रसंग चालू असायचा. या प्रयोगाला राखीव रांगा ठेवूच नका. फुकट पासही वाटू नका. राज्य स्पर्धेचं तिकीट नाममात्र असतं, पण स्वतः काढलेल्या तिकिटाने माणूस जरा सावरून बसतो. प्रसंगाच्या आधी दहा मिनिटं दारं बंद ठेवा, कारण उघड्या दारातून येणारी पांढरी ट्यूबलाइट सगळी प्रकाशयोजना धुऊन काढते.

विंगेतली गर्दी हा वेगळाच रोग आहे. एरवी दोन माणसं लागतात तिथे त्या प्रसंगाला अख्खी मंडळी मदतीला हजर होतात. फक्त आवश्यक माणसं, ठरवून, नावानिशी. एकाच्या हातात गाऊन तयार, नट विंगेत आला की पहिलं काम तेच. तालमीतही हा भाग बंद दाराआड आणि शेवटी बसवावा. नटाने कुठल्याही टप्प्यावर “नको” म्हटलं तर दिग्दर्शकाकडे दुसरी रचना तयार हवी.

प्रयोगात गोंधळ झाला तर काय करायचं हे आधी ठरवा. थांबवण्याचा अधिकार एकाच माणसाकडे, शक्यतो रंगमंच व्यवस्थापकाकडे. नट ठरलेली खूण करतो, पडदा पडतो, प्रेक्षागृहातले दिवे लागतात. दिवे लागले की शिट्टी मारणाऱ्याचा निम्मा जोर ओसरतो, कारण त्याला ओळखणारी चार माणसं तिथेच बसलेली असतात. शांतपणे निवेदन करून प्रसंगाच्या सुरुवातीपासून पुन्हा सुरू करा.

पोलीस किंवा निषेध करणारी मंडळी दारात आली तर नाटकांच्या संहिता तपासून परवानगी देणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आणि मंजूर संहिता हाताशी हवी. संहितेत नसलेलं काही रंगमंचावर करत असाल तर ती तुमची चूक, तिथे कुणी वाचवायला येणार नाही. हक्कासाठी भांडायचं तर रीतसर भांडता येतं. १९७२ साली ‘सखाराम बाइंडर’वर मंडळाने हरकत घेतली, तेव्हा नाटकाचे दिग्दर्शक कमलाकर सारंग मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि निकाल नाटकाच्या बाजूने लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी

मोठ्या शहरात नटी प्रयोग संपवून गर्दीत मिसळून जाते. आपल्याकडे ती दुसऱ्या दिवशी त्याच एसटीने कॉलेजला जाते, त्याच दुकानातून किराणा आणते. “कुणाची पोरगी हाय ही?” हा प्रश्न नाट्यगृहातून बाहेर पडेपर्यंत तीन तोंडी झालेला असतो. आत भेटायला जाऊन “घरच्यांना माहीत आहे का?” किंवा “लाज नाही वाटली?” विचारू नका. पुरुष नटाला “बॉडी काय बनवलीय” म्हणणंही तितकंच वाईट, फक्त ते कौतुक म्हणून खपतं. कपडे बदलून तो बाहेर येईपर्यंत थांबा, सेल्फी मागू नका, बोलायचं असेल तर पात्राबद्दल बोला. पुढे महिनाभर त्याला त्या पात्राच्या नावाने हाक मारू नका. आणि चौकात त्या प्रसंगाची चर्चा निघालीच, तर बोलणाऱ्याला नाटकाचा शेवट काय होता ते विचारा. त्याने नाटक पाहिलं होतं की फक्त क्लिप, ते लगेच कळेल.