इंडोनेशियन विद्यार्थ्याला इंग्रजीतलं आख्यात कसं शिकवावं

पहिल्याच तासाला बारा काळांचा तक्ता देऊ नका. 'साया पर्गी कमारिन' म्हणजे मी काल गेलो, 'साया पर्गी बेसोक' म्हणजे मी उद्या जाणार. 'पर्गी' जागचा हलत नाही. काळ सांगायचं काम 'कमारिन' आणि 'बेसोक' करतात. कर्ता बदला, तरी रूप तेच. अशा माणसाला तक्ता म्हणजे नुसती पाठांतराची शिक्षा.

त्याऐवजी आख्यात, म्हणजे वाक्यात काळ दाखवणारं क्रियापदाचं रूप, ओळखायची कसोटी द्या. वाक्यात 'यस्टरडे' घाला आणि कोणता शब्द बदलतो ते बघा. 'शी वॉन्ट्स टु गो'चं 'शी वॉन्टेड टु गो' होतं. बदललं 'वॉन्ट', 'गो' तसाच राहिला. म्हणून आख्यात 'वॉन्ट'. (आपल्याकडे 'जातो' आख्यात आणि 'जाऊन', 'जाताना' धातुसाधितं, तसंच.) 'कट', 'पुट' भूतकाळातही बदलत नाहीत, तिथे 'ही' कर्ता घेऊन 'कट्स' होतं का ते पाहायचं. 'मस्ट' दोन्हींना दाद देत नाही, तो पाठच करायचा.

क्रियापदांची साखळी असेल तर काळ फक्त पहिल्या कडीवर. 'डिड वेंट', 'कॅन गोज' चूक.

खरी दमछाक होते ती क्रियापद नसलेल्या वाक्यांत. 'दिया गुरु' म्हणजे 'ती शिक्षिका' किंवा 'तो शिक्षक', वाक्य पूर्ण. आपणही 'हे माझं घर' म्हणून थांबतो, त्यामुळे 'शी टीचर' ही चूक मराठी शिक्षकाच्या कानाला पटकन खटकत नाही. इंडोनेशियनमध्ये कर्ता आणि नाम जोडणारा 'आदालाह' हा शब्द आहे, पण 'आदालाह म्हणजे इज' असं तर मुळीच सांगू नका. 'आदालाह' सहसा नामाआधी येतो, 'सुंदर' अर्थाच्या 'चांतिक'सारख्या विशेषणाआधी येत नाही. ते समीकरण डोक्यात बसलं, की 'शी इज अ टीचर' बरोबर येतं आणि लगेच पुढे 'शी ब्यूटिफुल'.

हे दुरुस्त करायला गेलात की उलटी चूक उगवते: 'आय ॲम अग्री'. 'इज-ॲम-आर विसरू नका' असं घोकून घेतल्याचं हे फळ. घोकायचं ते वेगळं: एका कर्त्यामागे आख्याताची जागा एकच. ती 'अग्री'ने घेतली, तर 'ॲम' बाहेर. 'गोइंग'ला ती घेता येत नाही, म्हणून तिथे 'ॲम' हवाच.

सगळ्यात चिवट प्रकार 'यांग'चा, म्हणजे 'जो-जी-जे'चा. 'बुकु यांग दिया तुलिस बागुस' याचं शब्दशः 'पुस्तक जे ती लिही चांगलं'. त्यावरून 'द बुक शी राइट गुड' तयार होतं. इथे कर्ते दोन, 'द बुक' आणि 'शी'. दोघांखाली रेघ मारायला लावा आणि प्रत्येकाचं आख्यात विचारा. 'शी'ला 'रोट' मिळतं. 'द बुक' रिकामाच राहिलेला विद्यार्थ्याला स्वतःला दिसतो, आणि 'इज' तो आपणहून घालतो. उत्तर तुम्ही आधी सांगितलंत, तर पुढच्या वाक्यात तीच चूक परत.