कॅराव्हॅन भाड्याने घेताय? आधी रात्रीचा मुक्काम ठरवा

मुंबईत मोटरहोम म्हटलं की अजून शूटिंगची व्हॅनिटी व्हॅनच डोळ्यांसमोर येते. भाड्याने मिळणारी कॅराव्हॅन मात्र बहुतेक वेळा टेम्पो ट्रॅव्हलरच असते, आतून बदललेली. चार-पाच जणांची झोपायची सोय, वीतभर ओटा, फ्रीज, संडास-बाथरूम. फोटो बघून लोक आधी गाडी बुक करतात आणि रात्री ती लावायची कुठे, हे कोकणात पोचल्यावर शोधतात. आम्हीही तेच केलं होतं.

तेव्हा सुरुवात मुक्कामापासून करा. राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं. गणपतीपुळे, तारकर्ली, हरिहरेश्वर इथे एमटीडीसीची रिसॉर्टं आहेत, तिथे किंवा मोठं अंगण असलेल्या घरगुती निवासात आधी फोन करा. गाडी रात्रभर लावू द्याल का? पाणी भरता येईल का? आणि गिझरला असतो तसा पंधरा अँपिअरचा सॉकेट गाडीपर्यंत पोचेल का? हा तिसरा प्रश्न आम्ही विचारला नव्हता. अंगणात होता मोबाइल चार्जिंगचा साधा सॉकेट. एसी लावला की फ्यूज उडायचा, तो बंद करून खिडक्या उघडल्या की डास. इन्व्हर्टरवर दिवे-पंखे चालतात, रात्रभर एसी नाही. गाडीत जनरेटर असला तरी रात्री दोन वाजता तो सुरू करून बघा, शेजारी काय म्हणतात ते.

मग नंबरप्लेट बघा. पिवळी प्लेट, काळी अक्षरं म्हणजे ड्रायव्हरसकट भाड्याची गाडी. काळी प्लेट, पिवळी अक्षरं म्हणजे स्वतः चालवायला मिळणारी. पांढऱ्या प्लेटची गाडी कोणी ‘ओळखीत’ देत असेल तर नको म्हणा. खासगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. आरसी, विमा, फिटनेस आणि परमिटचे फोटो मागून घ्या. गोव्यात उतरायचं असेल तर परमिट तिथे चालतं का, हेही विचारा. स्वतः चालवायचा विचार असेल तर ७,५०० किलोपर्यंतच्या गाडीला हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं. तरी माझं मत विचाराल तर पहिल्या वेळी ड्रायव्हर घ्याच. परशुराम घाटात एवढी लांब, उंच गाडी वळवायला शिकू नये.

भाड्याचा हिशेब कागदावर मांडा. टुरिस्ट गाड्यांना रोजचे किमान किलोमीटर धरतात, बरेचदा २५०, आणि मीटर गॅरेजपासून गॅरेजपर्यंत चालतो. दादर ते गणपतीपुळे साधारण ३५० किलोमीटर. जाऊन-येऊन ७००, वर इकडेतिकडे फिरणं. तीन दिवसांचे किमान होतात ७५०, म्हणजे बरोबर बसतं. तोच मुक्काम पाच दिवसांचा केलात तर गाडी उभी असताना १,२५० किलोमीटरचे पैसे जातात. ड्रायव्हरचा भत्ता, त्याची झोपायची सोय, डिझेल आणि फास्टॅगमधून कापला जाणारा टोल यांतलं काय कोणाकडे, हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. फोनवर सगळेच ‘हो हो’ म्हणतात.

निघायच्या आदल्या दिवशी गाडी बघायला जाल तेव्हा आजीला सोबत न्या. थट्टा नाही. पायरी किती उंच आहे आणि संडासात वाकून शिरता येतं का, हे तिचे गुडघे दोन मिनिटांत सांगतात. तुम्ही नळ सोडा, फ्लश ओढा, बेड उघडून बंद करा, एसी वीस मिनिटं चालवा. खिडकीच्या रबराखाली बोट फिरवा. ओल लागली तर पहिल्याच पावसात गादी भिजणार. सीटबेल्ट मोजा. गाडी चालू असताना कोणीही बेडवर आडवं होणार नाही, हे मुलांना घरूनच सांगा.

गाडी सोसायटीच्या गेटातून आत येईलच असं नाही. लालबाग-परळच्या गल्लीत तर विचारच नको. सामान टॅक्सीने हायवेलगतच्या मोकळ्या जागी न्या आणि तिथून पहाटे पाचच्या आत निघा, म्हणजे माणगावची गर्दी टळेल. कोकणातल्या फेरीबोटीने खाडी ओलांडायची असेल तर गाडीची लांबी-उंची सांगून आधी विचारा. गावातल्या रस्त्यांवर फणसाच्या फांद्या आणि लोंबत्या तारांकडे कोणीतरी पुढे बसून लक्ष ठेवायचं.

ताब्यात घेताना आणि परत देताना चारी बाजूंचा व्हिडिओ काढा, मीटरच्या आकड्यासकट. संडासाची टाकी कोणी रिकामी करायची, हे मात्र बुकिंग करतानाच विचारा. आम्ही नव्हतं विचारलं, आणि डिपॉझिटमधून सफाईचे पैसे कापले गेले. डिपॉझिट हातात पडल्याशिवाय चावी सोडू नका, असं सासरे सांगत होते. पण चावी ड्रायव्हरच्या खिशात होती.