जुना मेल सर्व्हर नव्या डोमेनमध्ये नेताना: नव्या सिस्टम अ‍ॅडमिनसाठी अनुभव

कंपनी मोठ्या समूहाने विकत घेतली की उशिरा का होईना, आयटीकडे हे काम येतंच. आपलं डोमेन गुंडाळायचं, सगळ्यांना समूहाच्या डोमेनमध्ये न्यायचं आणि मेल मात्र बंद पडू द्यायचा नाही. चाकण पट्ट्यातल्या, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी हे काम केलं. कारखान्यात एक्स्चेंज २०१० (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर), समूहाकडे एक्स्चेंज २०१६. लोकांचे मेल पत्ते तेच राहणार होते, लॉगिनचं डोमेन तेवढं बदलणार होतं.

नव्या मुलांना पहिल्यांदा सुचतं ते असं: सर्व्हर जुन्या डोमेनमधून काढू, नव्याला जोडू, रीस्टार्ट करू. एक्स्चेंज असलेल्या मशीनचं डोमेन असं बदलता येत नाही. त्याची जवळजवळ सगळी मांडणी अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे डोमेनमधल्या खात्यांच्या आणि यंत्रांच्या नोंदवहीत असते. सर्व्हर तिथून उचलला की त्याच्या हातात नुसत्या डेटाबेस फाइली उरतात. म्हणून नव्या फॉरेस्टमध्ये (डोमेनच्या स्वतंत्र रचनेत) नवा सर्व्हर उभा करायचा, दोन्हींमध्ये ट्रस्ट (विश्वासाचं नातं) जोडायचा आणि मेलबॉक्स तुकड्या-तुकड्यांनी हलवायचे.

प्रत्यक्ष हलवणं हा यातला सोपा भाग. मूव्ह रिक्वेस्ट (मेलबॉक्स हलवण्याचा आदेश) देताना 'तयार झाल्यावर थांब' असा पर्याय असतो. तो दिला की माणूस काम करत असतानाच कॉपी होत राहते, ९५ टक्क्यांवर थांबते, आणि शेवटचा टप्पा तुम्ही रात्री सोडायचा.

खरी कसोटी आहे ती जुन्या सर्व्हरला कोण कोण कुठल्या नावाने ओळखतं, हे शोधण्यात. चाचणीच्या पहिल्या तुकडीनंतर अकाउंट्समधून फोन आला: "साहेब, परचेसच्या मॅडमना माझा मेल जातच नाहीये. बाहेरच्या पार्ट्यांचा मात्र त्यांना व्यवस्थित मिळतोय." असं लक्षण दिसलं की डीएनएसच्या (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेच्या) मागे लागू नका. परत आलेला मेल उघडा. तिथे ५.१.१ ('असा वापरकर्ता नाही') हा कोड होता आणि पत्त्याच्या जागी 'आयएमसीईएईएक्स'ने सुरू होणारी लांबलचक ओळ. एकाच संस्थेतल्या माणसाला मेल करताना आउटलुक नेहमीचा पत्ता वापरत नाही, डिरेक्टरीतलं 'लेगसी एक्स्चेंज डीएन' हे अंतर्गत नाव वापरतं. टू मध्ये दोन अक्षरं टाकताच जी नावं सुचतात, त्यांच्यामागे हेच साठवलेलं असतं. आउटलुक २०१० पासून ही यादी मेलबॉक्समध्येच राहते, त्यामुळे मेलबॉक्सबरोबर तीही नव्या घरी येते. जुन्या मेलला उत्तर देताना आणि जुनी मीटिंग रद्द करतानाही हेच घडतं.

उपाय असा: नव्या खात्याच्या प्रॉक्सी (जोडीच्या) पत्त्यांमध्ये जुनं अंतर्गत नाव 'एक्स५००' प्रकारचा पत्ता म्हणून घालायचं. 'प्रिपेअर मूव्ह रिक्वेस्ट' ही स्क्रिप्ट हे काम स्वतः करते. म्हणून ती आधी चालवावी, आणि खाती नेणारं मायक्रोसॉफ्टचं साधन, एडीएमटी, नंतर, तेही एक्स्चेंजचे गुणधर्म वगळून. आमच्याकडे काही खाती समूहाच्या हेल्पडेस्कने आधीच हाताने उघडून ठेवली होती, मॅडमचं त्यातलंच, म्हणून त्यावर एक्स५०० नव्हता. तुकडी हलवण्याआधी प्रत्येक खात्यावर एक्स५०० आहे का याची यादी काढा. या एका यादीने पुढचे असंख्य फोन वाचतात.

दुसरी ओळख यंत्रांची. स्टोअर्सचा स्कॅनर, परचेस ऑर्डर पाठवणारं ईआरपी सॉफ्टवेअर, यूपीएसचा बॅटरी अलर्ट, हजेरीच्या मशीनचा अहवाल: यातल्या कितीतरी ठिकाणी कुणीतरी पूर्वी जुन्या सर्व्हरचा आयपीच टाकून ठेवलेला असतो. विभागप्रमुखांना विचारून ही यादी पूर्ण होत नाही, त्यांना माहीतच नसतं. रिसीव्ह कनेक्टरवर (सर्व्हरच्या मेल घेणाऱ्या दारावर) प्रोटोकॉल लॉगिंग, म्हणजे कोण जोडतंय याची नोंद, चालू करा आणि मधे किमान एक महिनाअखेर जाऊ द्या, कारण काही अहवाल तेवढ्याच दिवशी निघतात. मग लॉगमधला एकेक आयपी घेऊन कारखान्यात फिरा. आमच्या वजनकाट्याच्या केबिनमधला पीसी असाच सापडला.

दोन्ही सर्व्हर एकच मेल डोमेन सांभाळत असतात तो काळ नाजूक. दोघेही स्वतःला त्या डोमेनचा पूर्ण मालक समजत असतील, तर नोंद नसलेल्या माणसाचा मेल 'असा वापरकर्ता नाही' म्हणून परत जातो. एका बाजूला ते डोमेन 'इंटर्नल रिले' ठेवून उरलेला मेल दुसरीकडे वळवा. दोन्हीकडे तसं करू नका, मेल गोल गोल फिरेल. माझं ठाम मत आहे की चुकीचं उत्तर देणाऱ्या सर्व्हरपेक्षा बंद सर्व्हर परवडतो. सर्व्हर गप्प असेल तर पाठवणारा सर्व्हर सहसा चार-पाच दिवस प्रयत्न करत राहतो. ५.१.१ मिळालं की तो तिथेच थांबतो, आणि ग्राहकाला वाटतं माणूस नोकरी सोडून गेला.

एमएक्स (डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरकडे जातो ती डीएनएस नोंद) बदलायच्या काही दिवस आधी तिचा टीटीएल (इतरांनी ती नोंद किती वेळ साठवायची ती मुदत) ८६४०० वरून ३०० सेकंदांवर आणा. नवा बाहेरचा आयपी एसपीएफमध्ये (डोमेनच्या नावाने कोण मेल पाठवू शकतं त्या यादीत) आधीच घाला आणि इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडून त्याचा पीटीआर (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) करून घ्या. याला वेळ लागतो, अर्ज लवकर टाका.

पीसी नव्या डोमेनला जोडला की विंडोजचं नवं प्रोफाइल उघडतं. माणसाला वाटतं सगळं गेलं. एडीएमटीने प्रोफाइलचे हक्क बदलून घेता येतात. तरी मेलखालच्या सह्या आणि पीएसटी फाइली (आउटलुकने पीसीवर साठवलेला मेल) कुठे आहेत हे प्रत्येकाच्या पीसीवर बसूनच बघा. पीएसटी हमखास डी ड्राइव्हवर, भलत्याच नावाच्या फोल्डरमध्ये असते. अकाउंट्सला महिनाअखेरीस हात लावू नका, डिस्पॅचला शनिवारी.

हे काम अंगावर येण्याआधी शिकायचं असेल तर घरीच करून बघा. विंडोज सर्व्हर आणि एक्स्चेंज, दोन्हींची १८० दिवसांची चाचणी आवृत्ती मिळते. एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण क्रॉस-फॉरेस्टची पद्धत शिकायला ते चालतात. रॅम भरपूर लागते, नसेल तर ऑफिसचा जुना सर्व्हर मागून घ्या. दोन फॉरेस्ट उभे करा, चार खाती बनवा, आपापसांत मेल आणि मीटिंगा पाठवा. मग एक खातं एक्स५०० शिवाय हलवा आणि परत आलेला मेल शांतपणे वाचा. त्या लांब ओळीतून जुनं नाव परत काढायची सवय लावून घ्या: अंडरस्कोअरच्या जागी तिरकी रेघ, '+२०' च्या जागी मोकळी जागा, सुरुवातीचा 'आयएमसीईएईएक्स' आणि शेवटचं डोमेन वजा. जे उरेल ते एक्स५०० म्हणून खात्यात घाला आणि तोच मेल पुन्हा पाठवा.