चिंध्यांची वाकळ: खाली काय लावायचं?

ब्लाउजच्या उरलेल्या पट्ट्या नुसत्या एकमेकींना जोडल्या की चौकोन वाकडा व्हायचा. तिरपं कापलेलं कापड ताणतं ना! खाली वर्तमानपत्र लावलं. चौकोन सरळ आला, बारीक टाक्यामुळे नंतर कागदही सहज फाडून काढता आला, पण त्याचे कपटे शिवणीत अडकले, अन् फिक्या कापडावर शाई उतरली ती वेगळीच.

आता मांजरपाटच, म्हणजे साधं कोरं सुती कापड, लावते. नवा असला की आटतो, म्हणून आधी धुऊन, इस्त्री करून घ्यायचा. चौकोन बोटभर मोठा कापायचा. पहिली पट्टी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुलट, दुसरी तिच्यावर उलटी, कडेनं टीप, मग उलटवून नखानं दाबायची. असंच दोन्ही बाजूंनी भरत जायचं. वाढलेल्या कडा शेवटी छाटायच्या. जुनं सुती लुगडंही चालतं, विरलेलं मात्र नको. मांजरपाट आतच राहतो, वाकळ जड होते. आमच्या यवतमाळकडच्या हिवाळ्यात ते बरंच. उन्हाळ्याची असली तर आत जुनी चादर भरत नाही.