टोचलेली कोंबडी वेगळी ठेवा, पण नजरेआड नको

एका कोंबडीला जखम झाली की लाल रंग पाहून बाकीच्या तिथेच टोचतात आणि तासाभरात छोटी खरचटही खोल होते. म्हणून तिला लगेच बाजूला काढायचं. मात्र पूर्ण दूर नेलं, तर आठवड्याने परत सोडल्यावर कळप तिला अनोळखी समजून पुन्हा मारतो.

उपाय साधा आहे. खुराड्यातच जाळीचा कप्पा करा, म्हणजे ती सगळ्यांना दिसेल, पण चोच पोहोचणार नाही. खाद्य-पाणी जाळीपासून थोडं लांब ठेवा.

१. अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ घालून जखम धुवा.
२. जखमेत शिरणारी पिसं कात्रीने कापा. उपटू नका, रक्त येतं. मुळाशी निळसर दिसणारी कोवळी पिसं तर कापायचीही नाहीत, त्यांच्यात रक्त असतं.
३. खाली भुशाऐवजी स्वच्छ कापड अंथरा, रोज बदला.

खपली धरून लाली गेली की अंधार पडल्यावर, सगळ्या दांडीवर बसलेल्या असताना, तिला हळूच शेजारी बसवा. सकाळी तासभर लक्ष ठेवा. टोचाटोची पुन्हा सुरू झाली, तर दोष बहुधा जागेचा असतो. दांडीवर प्रत्येकीला २० ते २५ सेंटीमीटर मिळतात का ते मोजा.

उघड्या जखमेवर माशा अंडी घालतात, म्हणून दिवसातून दोनदा पिसं बाजूला सारून बघा. अळ्या किंवा दुर्गंधी आढळली, तर त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवा.