वरणाचे पाणी नव्हे, वरण: सहा महिन्यांनंतर बाळाला काय आणि किती भरवावे

माझ्या थोरल्या मुलीचे वजन सातव्या ते नवव्या महिन्यात जवळजवळ हलले नाही. ती दिवसातून तीन वेळा वाटी रिकामी करत होती, म्हणून घरात कोणालाच काळजी वाटत नव्हती. वाटीत नेमके काय आहे हे मात्र कोणी पाहिले नव्हते. कधी वरणावरचे निवळ, कधी भाताची पातळ पेज, तर कधी गाळलेला डाळिंबाचा रस. अंगणवाडीच्या ताईंनी त्या पेजेचा एक चमचा भरून तिरपा केला, पेज सरळ ओघळून गेली, आणि त्या एवढेच म्हणाल्या, ‘‘ताई, हे पाणी झालं. जेवण कुठंय?’’

बाळाच्या पोटात एका वेळी मावते तरी किती? वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे 30 मिली, म्हणजे सात किलोच्या बाळाच्या पोटात साधारण 200 मिली. एवढी जागा पाण्याने भरली की बाळ तृप्त दिसते, पण वाढीला लागणारे त्याला काही मिळत नाही. अंगावरच्या दुधाखेरीज सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला अन्नातून रोज सुमारे 200 कॅलरी, नऊ ते अकरा महिन्यांच्या बाळाला 300 आणि वर्ष ते दोन वर्षांच्या मुलाला 550 कॅलरी लागतात. म्हणून घास किती दिले यापेक्षा तो घास किती दाट आहे, हे आधी पाहावे. चमचा तिरपा केल्यावर अन्न त्यावर टिकून राहिले पाहिजे. ताईंची ही परीक्षा मी त्यानंतर रोज करत असे.

वरचे अन्न सहा महिने पूर्ण झाल्यावर, म्हणजे 180 दिवसांनंतर सुरू करावे. आपल्याकडे मुलाचे उष्टावण सम महिन्यात आणि मुलीचे विषम महिन्यात करण्याची रीत अनेक घरांत आहे. तिला हरकत नाही, पण मुलीचे उष्टावण पाचव्या महिन्यात उरकण्याची घाई करू नये, आणि मुलाचे आठव्यात ठेवले असेल तर तोपर्यंत त्याला अन्नावाचून ठेवू नये. जन्मावेळी बाळाच्या शरीरात असलेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येतो आणि अंगावरच्या दुधात लोह कमी असते. समारंभ हवा तेव्हा करावा, खिमट मात्र वेळेवर सुरू करावे. अंगावरचे दूध दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू ठेवावे.

आता प्रमाण. पहिल्या दिवशी चहाच्या चमच्याने एक-दोन चमचे पुरेत. पहिल्या एक-दोन आठवड्यांत हे प्रमाण एका वेळेला दोन ते तीन मोठे चमचे, म्हणजे चहाचे सहा ते नऊ चमचे, इथपर्यंत न्यावे आणि दिवसातून दोन वेळा भरवावे. आठवा महिना संपेपर्यंत 250 मिलीच्या वाटीने अर्धी वाटी, दिवसातून दोन ते तीन वेळा. नऊ ते अकरा महिन्यांत तीच अर्धी वाटी तीन ते चार वेळा, शिवाय मधल्या वेळेला एखादे केळे किंवा मऊ इडलीचा तुकडा. वर्षानंतर पाऊण ते एक वाटी तीन-चार वेळा आणि एक-दोनदा मधले खाणे. बाळाला अंगावरचे दूध मिळत नसेल तर रोज एक-दोन जेवणे वाढवावी लागतात आणि दुधाची सोय काय करावी हे डॉक्टरांना विचारावे लागते.

यात खरी अडचण वाटीची आहे. आमच्या घरच्या रोजच्या वाट्या मोजल्या तेव्हा एकीत 120 मिली, दुसरीत 160 आणि लग्नात आलेल्या स्टीलच्या वाटीत 200 मिली पाणी मावले. म्हणजे तीन बायका ‘अर्धी वाटी खाल्ली’ असे सांगत असतील, तर त्या तीन वेगळ्या गोष्टी सांगत असतात. औषधाच्या बाटलीबरोबर येणाऱ्या मापाच्या झाकणाने पाणी मोजून घालावे आणि बाळासाठी एकच वाटी ठरवावी. 125 मिलीपर्यंत पाणी कुठे येते तिथे बाहेरून नेलपॉलिशची एक रेघ ओढली की घरातल्या कोणीही भरवले तरी माप चुकत नाही.

वाटीत घालायला सोलापुरात काही कमी नाही. इथल्या मालदांडी ज्वारीचे पीठ कढईत मंद आचेवर खमंग भाजून ठेवावे, मूगडाळही वेगळी भाजून बारीक दळावी. दोन मोठे चमचे ज्वारीचे पीठ आणि एक मोठा चमचा मुगाचे पीठ आधी थोड्या गार पाण्यात कालवून घ्यावे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत, आणि मग उकळत्या पाण्यात सोडून सात-आठ मिनिटे ढवळत शिजवावे. कच्च्या पिठाचा वास जाऊन पेज चमच्याला धरू लागली की उतरवावी आणि वरून चहाचा एक चमचा तूप घालावे. त्या एका चमच्यात सुमारे 45 कॅलरी असतात. बाळाच्या एवढ्याशा पोटात जागा न अडवता ताकद वाढवणारे याहून सोपे काही नाही. खिमटासाठी दोन वाट्या तांदूळ आणि एक वाटी मूगडाळ धुऊन, वाळवून, भाजून रव्यासारखी दळावी. एका वेळी पंधरा दिवसांपुरतेच दळावे. आमच्या पूर्व भागातल्या तेलुगू शेजारणी पप्पू-अन्नम भरवतात. भात आणि घट्ट वरण बोटांनी कुस्करून केलेला तो घासही तितकाच उत्तम.

मोड आणून दळलेली नाचणी किंवा गहू घेतल्यास पेज दाट असूनही सैल राहते, कारण मोड येताना धान्यात तयार होणारे घटक पिष्ट तोडतात. तेवढ्याच वाटीत जास्त धान्य बसते. ज्वारीला मात्र बाळासाठी मोड आणू नयेत. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावते हे इथल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. ज्या घटकापासून ते विष बनते तो ज्वारीच्या कोंबातही असतो.

रोजच्या खाण्यात धान्याबरोबर डाळ, एखादी पिवळी-नारिंगी किंवा हिरवी भाजी, एखादे फळ, दही आणि चालत असेल तर अंडे किंवा मांस-मासे असावेत. अंडे पूर्ण शिजवून कुस्करून सहा महिन्यांनंतर देता येते. ते वर्षाचे होईपर्यंत थांबवण्याची गरज नाही. शेंगदाण्याचेही तसेच. शेंगा चटणीच्या गावात हे सांगायला बरे वाटते: चटणी कुटायच्या आधी भाजून सोललेले मूठभर दाणे बाजूला काढावेत, त्यांचा अगदी बारीक कूट करावा आणि चहाचा अर्धा चमचा कूट पेजेत नीट मिसळावा. दाणे खवट किंवा बुरशीचा वास येणारे नसावेत. अंडे आणि दाणे पहिल्यांदा देताना सकाळची वेळ निवडावी, दोन्ही एकाच दिवशी सुरू करू नयेत, आणि बाळाला तीव्र इसब असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावे.

डाळिंबाबद्दल इथे वाईट वाटून लिहावे लागते. ते आपल्या जिल्ह्याचे फळ आहे, त्याचा रंग रक्तासारखा आहे, आणि ‘रक्त वाढतं’ म्हणून प्रत्येक आजी ते पिळून देते. पण त्यात लोह अगदी थोडे असते, आणि वर्षाच्या आत फळाचा रस देऊच नये. लोहासाठी डाळी, हिरव्या पालेभाज्या, अंडे आणि मांस यांवर भर द्यावा, वरणात लिंबाचे चार थेंब पिळावेत म्हणजे लोह अंगी लागते, आणि चहात बुडवलेले बिस्कीट कटाक्षाने टाळावे, कारण चहा लोह शोषू देत नाही. आशाताई सहा महिन्यांपासून लोहाचे औषध देतात, ते आठवड्यातून दोनदा 1 मिली असे असते. शौच काळसर होते म्हणून घाबरून ते बंद करू नये.

वर्षाच्या आत मीठ आणि साखर वरून घालू नये. ‘अळणी कसं खाईल?’ हा प्रश्न आपल्या जिभेचा आहे, बाळाला अजून खारटाची सवयच नसते. मध वर्षाच्या आत चाटवूसुद्धा नये, गुटीतही नाही. त्यातल्या जिवाणूंच्या बीजांमुळे तान्ह्या बाळाला बोट्युलिझम नावाची जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते. गाईचे किंवा म्हशीचे दूध मुख्य पेय म्हणून वर्षानंतरच द्यावे. दही किंवा पेजेतले थोडे दूध चालते.

मिक्सरची सवय लांबवू नये. सहाव्या-सातव्या महिन्यात हाताने घोटलेले मऊ अन्न, आठव्यात हातात धरता येईल असा शिजवलेल्या गाजराचा मऊ तुकडा, नवव्या-दहाव्यात कणीदार भात, आणि वर्षाला तिखट घालण्यापूर्वी बाजूला काढलेले घरचेच जेवण. नवी भाजी बाळाने थुंकली तर ती त्याला आवडत नाही असे लगेच ठरवू नये. आठ-दहा वेळा समोर आल्यावर तीच भाजी अनेक मुले खातात. ओठ मिटले, मान वळवली की थांबावे. मोबाइल दाखवून चार घास जास्त जातात हे खरे, पण पोट भरल्याचे ओळखायला मूल त्यातून शिकत नाही.

एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येते, म्हणून ते साठवावे लागते. बाळाचे पाणी उकळून गार करावे, झाकून ठेवावे आणि दांडीच्या ओगराळ्यानेच काढावे. जेवणाबरोबर वाटी-चमच्याने दोन-चार घोट पुरेत. सकाळची पेज दुपारसाठी ओट्यावर ठेवू नये. वाटीत उरलेले उष्टे तर लगेच टाकावे. जुलाब लागले तरी अंगावरचे दूध आणि अन्न बंद करू नये, ओआरएस सुरू करावे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने सहा महिन्यांपुढच्या बाळाला झिंकच्या 20 मिलिग्रॅमच्या गोळ्या 14 दिवस द्याव्यात. बाळ सुस्त झाले, लघवी कमी झाली किंवा शौचातून रक्त दिसले तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

एक धोका खास संक्रांतीचा आहे. बोरन्हाणात बाळाच्या डोक्यावरून चुरमुरे, बोरे, हरभरे आणि उसाचे करवे ओततात, आणि पाटावर बसलेले दहा महिन्यांचे मूल त्यातले हाताला लागेल ते तोंडात घालते. बोराची आठोळी, अख्खा शेंगदाणा, फुटाणा, डाळिंबाचा दाणा, अख्खे द्राक्ष हे सगळे श्वासनलिकेत अडकू शकते. आमच्या धाकट्याच्या वेळी आम्ही नुसते चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या ओतल्या, आणि एक माणूस फक्त त्याच्या हातांकडे पाहायला बसवला. ठसका लागून मूल लाल होऊन खोकत असेल तर त्याला खोकू द्यावे. आवाजच फुटत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर वर्षाच्या आतल्या बाळाला मांडीवर पालथे, डोके खाली करून धरावे, खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच थापा माराव्यात, मग उताणे करून छातीच्या मधल्या हाडावर दोन बोटांनी पाच वेळा दाबावे, अडकलेले बाहेर पडेपर्यंत हेच आलटून पालटून चालू ठेवावे आणि दुसऱ्याला 108 ला फोन करायला सांगावे. तोंडात काही दिसत नसताना बोट घालून शोधू नये; त्याने ते आणखी आत जाते.