ब्लूटूथ काढलं आणि डेस्कटॉपच गेला: डिपेन्डन्सीच्या या चुका टाळा

उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपला आठ जुने पीसी डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आणि एक्सएफसीई (हलका डेस्कटॉप) टाकून दिले होते, प्रत्येकावर तेच तेच टाकायचा कंटाळा म्हणून मी स्वतःचं एक मेटापॅकेज, म्हणजे स्वतः रिकामं पण बाकीची पॅकेजं ओढून आणणारं पॅकेज, बनवलं आणि पॅनेल, फाइल मॅनेजर, ब्लूटूथ, स्कॅनर सगळं त्याच्या डिपेन्ड्समध्ये, म्हणजे 'हे असलंच पाहिजे'च्या यादीत, कोंबलं. तिथल्या पोरानं ब्लूटूथ नको म्हणून काढलं, त्याच्याबरोबर माझं मेटापॅकेजपण गेलं, मग ॲप्टनं (डेबियनचा पॅकेजं टाकणारा-काढणारा प्रोग्रॅम) सुचवलं ऑटोरिमूव्ह करा, म्हणजे आपोआप आलेली आणि आता कुणाला न लागणारी पॅकेजं काढा, यानं ते पण केलं आणि लिस्ट न बघता एंटर दाबला. सकाळी फोन, "दादा, नुसता काळा स्क्रीन आलाय, बिल कसं काढू?"

चूक माझीच. मिसळीला कट लागतोच, ते डिपेन्ड्स. ब्रेड सोबत येतोच पण नको म्हणायची सोय असते, ते रेकमेंड्स. ताक मागवलं तरच येतं, ते सजेस्ट्स. मी ताकासकट सगळं कटात ओतलं होतं. वर पॅकेजचा सेक्शन, म्हणजे वर्गवारी, मिसलेनियस ठेवला, तो मेटापॅकेजेस असता तर ॲप्टनं बाकीची पॅकेजं मॅन्युअल, म्हणजे मुद्दाम टाकलेली, धरून वाचवली असती.

असं झालंच तर री-इन्स्टॉल करत बसू नका. कंट्रोल-ऑल्ट-एफ२ दाबून लॉगिन करा, व्हार-लॉगच्या ॲप्ट फोल्डरमधली हिस्टरी फाइल उघडा, काय काय उडालं ते तारीखवार तिथं असतं, तेवढं परत टाका आणि ॲप्ट-मार्क या कमांडनं मॅन्युअल करून ठेवा. नेटपण त्याच्यातच गेलं असेल तर आधी लॅनची वायर लावा.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो, सगळं सजेस्ट्समध्ये. सजेस्ट्स ॲप्ट आपणहून टाकत नाही, त्यामुळं पुढच्या पीसीवर वायफायचा आयकॉन नाही आणि मराठीच्या जागी चौकोन! नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स, म्हणजे रेकमेंड्स टाकू नको सांगणारा ऑप्शन, डोळे झाकून मारलं तरी हेच होतं. नव्वद टक्के लोकांना लागेल ते रेकमेंड्समध्येच पाहिजे.

आणि नुसतं कंट्रोल फाइलमध्ये, जिथं पॅकेजचे डिपेन्ड्स-रेकमेंड्स लिहितात तिथं, ओळ इकडची तिकडं केली म्हणून गोष्ट ऑप्शनल होत नाही बरं का. प्रोग्रॅम एखाद्या लायब्ररीशी (प्रोग्रॅम वापरतात त्या तयार कोडशी) लिंक झालेला असेल तर ती नसताना तो सुरूच होणार नाही, आधी एलडीडी ही कमांड मारून बघा, कुठल्या लायब्ररी लागतात ते दिसतं. एकतर बिल्ड करताना ते फीचर बंद करा, नाहीतर वेगळं प्लगइन पॅकेज पाडा. दुसरा प्रोग्रॅम नुसता बोलावला जात असेल, म्हणजे मेनूतून स्कॅनरचं ॲप उघडणं वगैरे, तर रेकमेंड्स चालतं, फक्त तो नसेल तेव्हा बटण गायब व्हायला पाहिजे, दाबल्यावर गप्प बसायला नको.

आता मी रेकमेंड्सशिवाय एका व्हर्च्युअल मशीनवर टाकून प्रत्येक बटण दाबून बघतो, मगच पॅकेज उद्यमनगरात जातं. त्या पोरानं परवा परत ब्लूटूथ काढलं, ह्या वेळी फोन आला नाही.